गाळाच्या नदीवरचं टर्बाइन: लोड पडला, बेअरिंग तापलं, मशीन थांबेना, तर सुरुवात कुठून करायची

हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, नेपाळ इथल्या पॉवर हाऊसवर आपली बरीच मुलं मेंटेनन्सला आहेत. जून संपत आला की त्यांचे फोन सुरू होतात आणि तक्रार ठरलेली असते: "सर, मशीन पूर्ण लोड घेत नाहीये, रनर गेला वाटतं." रनर, म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणारं चाक, थोडाफार गेलेला असतोच. पण त्या दिवशीचं दुखणं बहुतेक वेळा रनरच्या अलीकडेच सापडतं, आणि तेही मशीन न उघडता. माझी नोकरी सतलजच्या खोऱ्यातल्या फ्रान्सिस मशीनवर गेली, म्हणून खालचं सगळं त्याच मशीनला धरून आहे. पेल्टनवाल्यांनी गाईड व्हेनच्या (रनरभोवतीच्या, पाणी कमी-जास्त करणाऱ्या पात्यांच्या) जागी नीडल आणि नोझल समजावं.

कोयनेवर ट्रेनिंग करून इकडे आलेल्याला हा प्रकार नवा असतो. तिथे शिवसागरासारखा मोठा जलाशय आहे, गाळाला खाली बसायला वेळ मिळतो. शिवाय खोरं बेसॉल्टचं, त्यात गारगोटी नसल्यातच जमा. सतलज येते ती नाइस आणि शिस्ट खडक घासत. तिच्या रेतीत गारगोटीचे कण भरपूर, मोहच्या मोजपट्टीवर कठीणपणा ७. रनरचं १३ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेलचं स्टील कितीही चांगलं असलं तरी गारगोटीपुढे ते मऊच. त्यात झीज वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते. सतलजवरच्या नाथपा झाकडी पॉवर हाऊसचा हेड, म्हणजे पाणी पडायची उंची, ४२८ मीटर. एवढ्या हेडखाली पाणी मोकळं सुटलं तर वेग सेकंदाला ९० मीटरच्या घरात जातो. ५० मीटर हेडला तोच वेग ३० च्या आसपास. म्हणजे गाळ तेवढाच असला तरी झिजेत पंचवीसेक पटींचा फरक. सपाटीवरच्या मशीनचे आडाखे इथे चालत नाहीत ते यामुळे.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसतात, सगळी एकदम क्वचितच.

- हेड तेवढाच, गाईड व्हेनचं ओपनिंग तेवढंच, पण मेगावॉट कमी. किंवा मेगावॉट टिकवायला गव्हर्नर (वेग आणि लोड सांभाळणारी यंत्रणा) गाईड व्हेन उघडत जातो.
- थ्रस्ट (शाफ्टचा खाली येणारा भार पेलणारं) किंवा गाईड (शाफ्ट सरळ धरणारं) बेअरिंगचं तापमान नेहमीपेक्षा वर.
- टॉप कव्हरचं, म्हणजे रनरवरच्या झाकणाखालचं, प्रेशर आठवड्यागणिक चढतंय.
- शाफ्ट सीलमधून पाणी येतंय, टर्बाइन पिटचा ड्रेन पंप सारखा सुरू होतोय.
- स्टॉप दिल्यावर गाईड व्हेन बंद होतात, पण मशीन थांबत नाही, रांगत राहतं.
- स्टार्ट देताना इनलेट व्हॉल्व्हचा बायपास (बाजूची छोटी वाट) उघडूनही स्पायरल केसिंगचं (रनरभोवतीच्या शंखासारख्या नळाचं) प्रेशर पेनस्टॉकएवढं (पाणी खाली आणणाऱ्या मोठ्या पाइपाएवढं) होत नाही आणि सीक्वेन्स तिथेच अडकतो.
- कंपन वाढलं.

पुढे जाण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे किती वेळात झालं? झीज आठवड्यांनी दिसते. काल रात्री ठीक असलेलं मशीन आज सकाळी दहा टक्के लोड सोडतं, तेव्हा काहीतरी चोकलंय, अडकलंय किंवा तुटलंय. मॅनहोल उघडायची घाई करणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो.

लॉगशीट

फुकटची तपासणी, आणि हीच सगळ्यात कमी केली जाते. मागच्या ऑक्टोबरात, पाणी स्वच्छ झाल्यावर, या मशीनने ठरावीक हेडला किती ओपनिंगवर किती मेगावॉट दिले होते? टॉप कव्हर प्रेशर किती होतं? बेअरिंगचं तापमान आणि कूलिंग वॉटरचं तापमान, दोन्ही हवीत. हा तक्ता नसेल तर आजचे आकडे कशाशी ताडणार? ओव्हरहॉल झाल्यावर पहिल्याच आठवड्यात २५, ५०, ७५ आणि १०० टक्के लोडला सगळे आकडे टिपून कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावावेत. फाइलमध्ये ठेवले की ते कुणी बघत नाही.

एक मीटर बिघडला तरी मुलं टर्बाइनवर संशय घेतात. ओपनिंग मोजणारा सेन्सर (ट्रान्सड्यूसर) सरकलेला असू शकतो. गाईड व्हेन हलवणाऱ्या सर्व्होमोटरच्या स्केलवर डोळ्यांनी वाचा आणि पॅनेलशी जुळवा.

ट्रॅशरॅक

पहिल्या पुरात झाडांची खोडं, फांद्या, प्लॅस्टिक, सगळं इनटेकला येतं. इनटेकच्या जाळीच्या, म्हणजे रॅकच्या, अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाढला की तेवढा हेड गेलाच. लोड पडल्याची तक्रार रॅक साफ केल्यावर गायब झाल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की आता फोनवर पहिला प्रश्न हाच असतो.

रॅकमधून निसटलेला लाकडाचा तुकडा दोन गाईड व्हेनच्या मध्ये अडकला तर शिअर पिन (व्हेन वाचावी म्हणून मुद्दाम आधी तुटणारी पिन) तुटते. तसा अलार्म येतो, पण सेन्सरच्या तारा ओलाव्याने गेलेल्या असतात, म्हणून पिना डोळ्यांनी बघाव्यात. एका व्हेनचा कोन बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल तर कंपनाचं कारणही तिथेच आहे. तुटलेली पिन बदलायला मशीन बंद आणि इनलेट व्हॉल्व्ह बंदच हवा. चालू मशीनच्या लिंकेजमध्ये हात घालायचा नाही.

स्ट्रेनर आणि कूलर

इथे जरा थांबतो, कारण पावसाळ्यातल्या निम्म्या ट्रिपिंगचं मूळ इथे असतं असा माझा अंदाज आहे.

कूलिंग वॉटर पेनस्टॉकमधून, टॉप कव्हरमधून किंवा टेलरेसमधून (मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वाटेतून) घेतलं, तरी गाळ त्यात असतोच. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर बघा. फरक वाढला असेल तर दुसऱ्या बाजूवर बदला आणि पहिली धुवा. ऑटोमॅटिक बॅकवॉश असेल तर ड्रेनच्या पाइपाला हात लावून बॅकवॉशच्या वेळी खरंच पाणी जातंय का ते बघा. पॅनेलवर हिरवा दिवा लागूनही व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

मग तापमानाकडे या. सगळी बेअरिंग आणि जनरेटरचे एअर कूलर एकत्र तापले तर दोष सामाईक पाण्यात आहे: स्ट्रेनर, पंप, मुख्य हेडर. फक्त थ्रस्ट बेअरिंग तापलं आणि बाकीची जागच्या जागी असतील तर त्याच्या कूलरवर संशय घ्या. तो ठीक निघाला तर टॉप कव्हर प्रेशरकडे जा, त्याविषयी खाली आहेच.

कूलरमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरकही बोलतो. लोड तोच असून हा फरक वाढला तर पाण्याचा प्रवाह कमी झालाय. तेल तापतंय पण पाण्यातला फरक उलट घटलाय, तर पाणी वाहतंय मात्र नळ्यांच्या आत गाळाचा थर बसून उष्णता पोहोचत नाहीये. पहिल्याला स्ट्रेनर आणि व्हॉल्व्ह, दुसऱ्याला ब्रश. नळ्या ब्रशने साफ करणं हे अर्ध्या शिफ्टचं काम आहे, त्यासाठी ओव्हरहॉलची वाट बघू नये.

इथे थांबा: बेअरिंगच्या तेलाची पातळी आपोआप वाढली किंवा तेल दुधाळ दिसलं तर कूलरची नळी गाळाने आतून झिजून फुटली आहे. मशीन ताबडतोब बंद. "लोड उतरेपर्यंत चालवू" हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. पाणी मिसळलेल्या तेलावर बॅबिट (बेअरिंगचा मऊ धातूचा थर) टिकत नाही.

पाण्याचा नमुना आणि डीसिल्टिंग

प्रत्येक पॉवर हाऊसवर पीपीएमचा, म्हणजे पाण्यातल्या गाळाच्या प्रमाणाचा, आकडा तासातासाला लिहिला जातो. एक लिटर पाणी गाळून, फिल्टर पेपर १०५ अंशांवर वाळवून वजन करायचं. ५००० पीपीएम म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. वाचायला किरकोळ वाटतं. सेकंदाला ५० घनमीटर पाणी घेणाऱ्या पॉवर हाऊसमध्ये याचा अर्थ सेकंदाला २५० किलो, तासाला ९०० टन रेती. दहा टनी नव्वद ट्रक दर तासाला आपल्या रनरमधून जाताहेत असं समजा.

पण पीपीएम ही अर्धीच गोष्ट. काळंकुट्ट, चिखलासारखं दिसणारं पाणी पुष्कळदा बारीक माती आणि अभ्रकाचं असतं, ते त्या मानाने कमी कापतं. त्याहून फिकं दिसणारं, निम्म्या पीपीएमचं पाणी भरड रेती घेऊन येत असेल तर गाईड व्हेनच्या कडा महिन्याभरात खाऊन टाकतं. म्हणून वाळवलेला गाळ २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा आणि वर किती राहिला ते लिहा. वर राहिलेला भाग भिंगाखाली धरा: चकचकीत, काचेसारखे, कोनदार कण म्हणजे गारगोटी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वर्षातून दोनदा मात्र खनिजांचं पृथक्करण बाहेरून करून घ्यावं.

आता नमुना दोन ठिकाणांहून एकाच वेळी घ्या, डीसिल्टिंग चेंबरच्या (गाळ खाली बसवणाऱ्या खोल्यांच्या) आधी आणि नंतर. नाथपा झाकडीला जमिनीखाली चार चेंबर आहेत, प्रत्येकी ५२५ मीटर लांब आणि २७.५ मीटर खोल, आणि एवढं बांधूनही उद्दिष्ट ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण अडवण्याचं. त्याहून बारीक कण मशीनमध्ये येणारच, ते गृहीतच आहे. पण नंतरच्या नमुन्यात चाळणीवर भरड रेती राहत असेल तर चेंबर काम करत नाहीये. कारणं साधी असतात. फ्लशिंगचा गेट अर्धवट उघडा. खालची फ्लशिंग कंड्युइट दगड-लाकडांनी तुंबलेली. किंवा एक चेंबर बंद ठेवून सगळं पाणी उरलेल्यांतून ढकललेलं, त्यामुळे वेग वाढून रेती बसायला वेळच मिळत नाही. फ्लशिंगचं पाणी नदीत पडतं तिथे जाऊन उभे राहा. ते इनटेकच्या पाण्यापेक्षा गढूळ दिसलंच पाहिजे. दोन्ही सारखंच दिसलं तर चेंबरमधली रेती बाहेर पडतच नाहीये.

पावसाळ्यात नदीला पाणी जास्तच असतं, तरी "फ्लशिंगला पाणी वाया जातं" म्हणून गेट दाबणारे महाभाग भेटतात. हिवाळ्यात हा वाद समजू शकतो, जुलैत नाही.

चेंबरचं फ्लशिंग आपल्या शिफ्टच्या हातात असतं. धरणाचे गेट उघडून तलाव फ्लश करायचा निर्णय तसा नाही. २०१४ च्या जूनमध्ये बियासवर लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. सायरन, खालच्या गावांना सूचना, प्रशासनाची परवानगी याशिवाय गेटला हात लावायचा नाही, वरून कितीही फोन आले तरी.

मशीन कसं चालवताय

याला पैसे लागत नाहीत, फक्त भांडणं करावी लागतात. चार मशीन अर्ध्या लोडवर चालवण्यापेक्षा दोन मशीन पूर्ण लोडजवळ चालवणं गाळाच्या पाण्यात बरं. ओपनिंग कमी असलं की गाईड व्हेनमधून पाणी चिंचोळ्या फटीतून जोरात जातं, रनरवर चुकीच्या कोनात आदळतं, आणि रेतीच्या जोडीला कॅव्हिटेशनही (दाब घटून पाण्यात बुडबुडे होणं आणि फुटणं) येतं. दोन्ही एकत्र आले की झीज बेरजेपेक्षा जास्त होते.

किती पीपीएमला बंद करायचं ही मर्यादा प्रत्येक पॉवर हाऊसची वेगळी. नाथपा झाकडीत ती ५००० पीपीएम असल्याचं सगळीकडे छापून आलंय. आपल्याकडची मर्यादा ऑपरेशन मॅन्युअलमध्ये बघा. शटडाऊन घेणारे आपण नसतो, लोड डिस्पॅच सेंटरशी बोलणं शिफ्ट इनचार्जचं काम. पण आकडा वेळेवर त्याच्या टेबलावर ठेवणं हे आपलंच. पुराचं पाणी येतंय हे वरच्या स्टेशनवरून कळलं की नमुना तासाऐवजी पंधरा मिनिटांनी घ्यायला लागा. आणि बंद करायचं तर इनटेकही बंद करा. नुसती मशीन बंद ठेवून बोगद्यात गाळाचं पाणी भरून ठेवलं की तीच रेती पुढच्या स्टार्टला रनरमधून जाते. २६ जून २००५ ला तिबेटमधला पारेछू तलाव फुटला, तेव्हासारख्या पुरात तर दुसरा इलाजच नसतो.

शाफ्ट सील

सीलला बाहेरून स्वच्छ पाणी मिळतं आणि त्याचं प्रेशर आतल्या पाण्यापेक्षा थोडं जास्त असावं लागतं, म्हणजे गळती आतल्या दिशेने होते आणि रेती सीलपर्यंत पोहोचत नाही. हे प्रेशर घटलं की उलटं होतं. म्हणून सील बदलण्याआधी सीलिंग वॉटरचा फिल्टर आणि सायक्लोन सेपरेटर बघा. नवीन सील बसवून जुन्याच घाण पाण्यावर चालवलं तर ते महिन्याभरात परत गळणार आणि शाफ्टच्या स्लीव्हवर खाच पाडणार ते वेगळंच. स्लीव्हवर नखाला लागेल अशी खाच असेल तर नुसतं सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

टॉप कव्हर प्रेशर

रनर आणि टॉप कव्हर यांच्यामधल्या लॅबिरिंथची (पाणी अडवणाऱ्या सीलची) फट झिजून वाढली की जास्त पाणी रनरच्या डोक्यावर जमतं, प्रेशर वाढतं, रनर खाली दाबला जातो आणि तो भार थ्रस्ट बेअरिंगवर येतो. फट उघडून न बघता झीज कळायची ही सगळ्यात चांगली खूण. आधी प्रेशर काढून घेणारे पाइप मोकळे आहेत का बघा, कारण त्यात गाळ बसला तरी लक्षण हेच. पाइप मोकळे आणि प्रेशर तरीही महिनोन् महिने चढतंच असेल तर लॅबिरिंथ गेलंय.

इथे थांबा: मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपलीकडे प्रेशर किंवा थ्रस्ट पॅडचं तापमान गेलं तर अलार्मची सेटिंग वाढवून चालवू नका. लोड कमी करूनही खाली येत नसेल तर मशीन बंद करून उत्पादक कंपनीला कळवा.

मशीन रांगतंय

गाईड व्हेनच्या कडा आणि वरच्या-खालच्या फेसिंग प्लेट झिजल्या की बंद असतानाही पाणी निसटतं. हळू वेगात थ्रस्ट पॅडवर तेलाचा थर टिकत नाही, म्हणून रांगणारं मशीन हे धावणाऱ्या मशीनपेक्षा बेअरिंगला वाईट. ब्रेक धरून ठेवणं हा उपाय नव्हे. इनलेट व्हॉल्व्ह बंद करा.

गळती किती हे पाहायला बायपासची चाचणी पुरते: इनलेट व्हॉल्व्ह बंद, गाईड व्हेन बंद, बायपास उघडा, आणि स्पायरल केसिंगचं प्रेशर किती वेळात कुठवर चढतं ते लिहा. ओव्हरहॉलनंतरचा आकडा आणि आजचा आकडा यांत फरक दिसला की पुढची ओव्हरहॉल कधी घ्यायची याचं उत्तर मिळतं. सीक्वेन्स अडकतो म्हणून प्रेशर स्विचची सेटिंग खाली आणून व्हॉल्व्ह उघडायची युक्ती काही जण सांगतात. असमान प्रेशरवर मोठा व्हॉल्व्ह उघडणं धोक्याचं आहे, करू नका.

मॅनहोल उघडण्याआधी

आता कुठे मशीनच्या आत. परमिटशिवाय नाही, एकट्याने नाही. इनलेट व्हॉल्व्ह बंद, मेंटेनन्स सील लावून त्याचं यांत्रिक लॉक बसवलेलं, ऑइल प्रेशर वेगळं काढलेलं, ड्राफ्ट ट्यूब (रनरखालची पाणी बाहेर जायची वाट) गेट खाली, स्पायरलचा ड्रेन उघडा आणि त्यातून येणारं पाणी थांबलेलं. गाळाने इनलेट व्हॉल्व्हची सीलही झिजते. ड्रेनमधून पाणी येतच राहिलं तर आत जायचं नाही, मग पेनस्टॉक रिकामा करणं आलं. तो किती वेगाने रिकामा करायचा हे सिव्हिलवाले ठरवतील; घाईत पाणी काढलं तर बाहेरच्या पाण्याचा दाब अस्तरावर येतो.

आत गेल्यावर बघायचं ते हे: रनर ब्लेडच्या बाहेर पडणाऱ्या कडा, गाईड व्हेनच्या दोन्ही टोकांच्या जागा, फेसिंग प्लेट. पृष्ठभाग गुळगुळीत, चमकणारा, माशाच्या खवल्यांसारखा लाटालाटांचा असेल तर ती रेतीची झीज. स्पंजासारखे खोल खड्डे ब्लेडच्या कमी दाबाच्या बाजूला असतील तर कॅव्हिटेशन, मग मशीन कसं चालवताय तिकडे परत जा. ब्लेडच्या मुळाशी डाय पेनिट्रंट मारून भेगा बघा. कडेची जाडी दरवेळी त्याच जागी मोजा, फोटोत पट्टी ठेवा.

इथून पुढे आपलं काम नाही

कडेची वरवरची झीज साइटवर भरून ग्राइंड करता येते. पण प्रीहीटचा त्रास नको म्हणून ३०९एल इलेक्ट्रोडने भरणं म्हणजे मऊ थर लावणं, एका पावसाळ्यात तो गेलेला असतो. जुळणाऱ्या इलेक्ट्रोडने भरायचं तर प्रीहीट, नंतरची उष्णता प्रक्रिया, टेम्प्लेटने प्रोफाइल आणि शेवटी बॅलन्सिंग हे सगळं लागतं. ब्लेडच्या मुळाशी भेग असेल, प्रोफाइल हरवलं असेल, लॅबिरिंथची रिंग बदलायची असेल किंवा कंपन मर्यादेपलीकडे असेल, तर वेल्डरला बोलावू नका, उत्पादक कंपनीच्या किंवा रनर दुरुस्तीच्या कारखान्याच्या माणसाला बोलावा.

एचव्हीओएफने (अतिवेगाने फवारायच्या पद्धतीने) टंगस्टन कार्बाइडचा साधारण ०.३ मिलिमीटरचा थर द्यायचा तोही तिथेच. गाईड व्हेन आणि फेसिंग प्लेटवर तो चांगला टिकतो. रनरच्या अरुंद वाटांत गन पोहोचत नाही, तिथे थर विरळ राहतो. मोठा खडा लागला की तुकडा उडतो. आणि झिजलेल्या प्रोफाइलवर थर देऊन उपयोग शून्य, आधी आकार परत आणावा लागतो.

त्या माणसाला फोन करताना हे हाताशी ठेवा: ऑक्टोबरचा आणि आजचा लोड-ओपनिंग तक्ता, टॉप कव्हर प्रेशरचा वर्षाचा आलेख, सीझनमधले पीपीएमचे आकडे आणि चाळणीचे निकाल, बायपास चाचणीची वेळ, पट्टी ठेवून काढलेले फोटो आणि मशीन शेवटचं कधी उघडलं त्याची तारीख. हे असलं की तो येतानाच योग्य सुटे भाग घेऊन निघतो, नाहीतर त्याची पहिली फेरी फक्त मापं घेण्यात जाते.